शिंदे घाट, घरपट्टी आणि कोणीच न दिलेले भाडे

काशीतील शिंदे घाट मणिकर्णिकेला लागूनच उत्तरेस आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधविला आणि बांधकामाच्या प्रचंड भाराने तो खचला, हे वाटाड्ये आवर्जून सांगतात. मला मात्र तेथे आठवते ती घाट उभा राहण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे याच किनाऱ्यावर घडलेली एक हकीकत. कोणत्याही गाइडच्या तोंडी मी ती ऐकलेली नाही, परंतु महसुलाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे.

१८१० साली ईस्ट इंडिया कंपनीने पंधरावा रेग्युलेशन काढून बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस या प्रांतांतील शहरांत घरपट्टी बसविली. राहत्या घरावर वार्षिक भाड्याच्या पाच टक्के, दुकानावर दहा टक्के. कलकत्त्यात अशी पट्टी होतीच, तीच इतरत्र नेली, असा सरकारचा सरळ हिशेब होता. खरी मेख पुढच्या तरतुदीत होती. जे घर भाड्याने दिलेलेच नाही, ज्यात मालक स्वतः राहतो, त्याचे भाडे शेजारच्या तशाच घरावरून ठरवावयाचे होते. म्हणजे जे भाडे कोणी दिले नाही आणि कोणी घेतले नाही, त्यावर रोख पैसा भरावयाचा.

बनारसने याला डिसेंबर १८१० च्या अखेरीस जे उत्तर दिले ते अपूर्व होते. लोहार, विणकर, न्हावी, शिंपी, कहार अशा जातिजमातींनी कामे बंद केली, दुकाने मिटली आणि लोक घरे सोडून शहराबाहेर मैदानात धरणे धरून बसले. वीस हजारांहून अधिक माणसे बसून आहेत, असे अधिकाऱ्यांनी कलकत्त्यास कळविले. प्रभारी मॅजिस्ट्रेट बर्ड यांच्या पत्रव्यवहारात असाही उल्लेख येतो की, अंत्यविधी करणारी माणसे न मिळाल्याने प्रेते तशीच गंगेत सोडावी लागली. मणिकर्णिकेच्या काठावर हे घडावे, यावरून त्या हरताळाची खोली कळते. धरमपाल यांनी १९७१ मध्ये हा सारा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, म्हणून तो आज सहज वाचावयास मिळतो.

लोकांच्या अर्जातील युक्तिवाद आजही ताजा वाटतो. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी रयतेच्या राहत्या घरावर कधी हक्क सांगितला नाही. मुद्रांक, जकात आदी कर आम्ही भरतोच. गल्ल्यांच्या पहाऱ्यासाठी फाटकबंदीची वर्गणीही देतो. शिवाय कित्येक घरमालकांना पडके घर दुरुस्त करण्याचीही ऐपत नाही. काशीला हे विशेष लागू होते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरातील मराठी वस्ती डोळ्यांपुढे आणावी. जेथे माणसे अंतकाळासाठी येऊन राहतात, तेथे घर मोठे आणि मिळकत शून्य, हे विरळ नव्हे.

बनारसच्या राजाने मध्यस्थी केल्यावर जानेवारी १८११ मध्ये लोक घरी परतले. सरकारने दबावापुढे झुकल्याचे दिसू दिले नाही, पण १८१२ मध्ये तो कर रद्द झाला.

तो कर गेला. पण कोणीच न दिलेल्या भाड्याची कल्पना गेली नाही. आपल्या नगरपालिकांची घरपट्टी कित्येक दशके वाजवी भाडे धरूनच आकारली गेली. पुणे महापालिकेने १९७० पासून मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करयोग्य मूल्यात चाळीस टक्के सूट दिली, ती याच विसंगतीवर फुंकर घालण्यासाठी, असे मला वाटते. पुढे लेखापरीक्षणात या सवलतीला कायद्याचा आधार नाही असा आक्षेप निघाला, २०१८ मध्ये राज्य शासनाने ती थांबविली आणि २०१९ पासून नव्या मिळकतींना पूर्ण दराने बिले गेली. जुन्या घरमालकांनाही पुढे फरकाच्या वसुलीचे निरोप पोहोचले.

येथे अंकगणिताकडे लक्ष द्यावे. चाळीस टक्के सूट काढली म्हणजे बिल चाळीस टक्क्यांनी वाढते, असे पुष्कळांना वाटते. परंतु साठाचे शंभर झाले, म्हणजे वाढ ढोबळमानाने सदुसष्ट टक्के. कार्यालयातील टिपणीत ‘सवलत बंद’ असे दोन शब्द असतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घरात मात्र ती दरवाढच असते, आणि तिला दरवाढ न म्हणण्याची सोय प्रशासनास मिळते. लेखापरीक्षकाचा आक्षेप चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्याने नियम पाहिला, ते त्याचे कामच होय. पन्नास वर्षे ठरावावर चाललेली गोष्ट कायद्यात बसवून घेण्याची निकड कोणालाच वाटली नाही, हा दोष मला अधिक मोठा वाटतो.

मार्च २०२३ च्या आरंभी कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला आणि सत्ताधारी पक्षाने आपला जुना बालेकिल्ला गमावला. त्यानंतर काही आठवड्यांतच ही सूट पूर्ववत करण्याचा शासनाचा निर्णय झाला. संबंध वाचकांनीच लावावा.

मुंबईची तऱ्हा निराळी. तेथे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला तेव्हा पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पाच वर्षे वाढीपासून अभय मिळाले. मुदत संपताच आणखी पाच वर्षे. २०२२ मध्ये अशा घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ झाला. अमेरिकेतील वाचकांना हा खेळ परिचित असेल. तेथील २००१ व २००३ च्या करकपाती २०१० अखेर संपणार होत्या, त्या दोन वर्षे लांबविल्या आणि २०१३ च्या आरंभी बहुतांशी कायम केल्या. २०१७ च्या कपातींची मुदत २०२५ अखेर होती, त्यांतील बहुतेक जुलै २०२५ च्या कायद्याने कायम झाल्या. मुदत घालताना खर्चाचा आकडा लहान दिसतो, आणि ती संपत आली की प्रत्येक कुटुंब आपोआप अर्जदार होते.

पुण्यात सूट परत मिळाली, पण २०१९ नंतरच्या मिळकतींसाठी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरणे आले. मालक स्वतः राहत असल्याचा सोसायटीचा दाखला, ओळखपत्र, तोही मुदतीत. परगावी असलेल्या मुलांच्या वृद्ध आईवडिलांना क्षेत्रीय कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. प्राप्तिकरातही हे अदृश्य भाडे बराच काळ ठाण मांडून होते. आपल्याच वापरासाठी ठेवलेल्या दुसऱ्या घराचे मानीव भाडे उत्पन्नात धरले जाई. २०१९-२० या वर्षापासून दोन घरांपर्यंत ते धरणे बंद झाले. तिसऱ्या घरावर ते अजून आहे.