पिकअपचे पाटे आणि गाडीची उंची

फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी पिकअप रिकामी उभी असली की तिची पाठ उचललेली आणि तोंड किंचित खाली झुकलेले दिसते. कारखान्याने ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाटीला येते. पश्चिम भारतात मालवाहू गाडीची उंची वाढवण्या-घटवण्याचे काम मुख्यतः या ओझ्याच्या हिशेबाने झाले, दिखाव्याचा भाग त्यात कमी होता. हा हिशेब आधी लोहाराकडे होता, मग पाटे बांधणाऱ्या गॅरेजांकडे आला आणि आता बराचसा कारखान्याकडे आणि कायद्याकडे गेला आहे.

बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. साटी थेट आसावर बसे आणि जमिनीपासूनचे अंतर चाकाच्या व्यासावर ठरे. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाक खोल रुतते, म्हणून ते मोठे असणे फायद्याचे होते. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये घोडागाडीसाठी लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. त्या जातीच्या कमानी बग्गीतून आणि टांग्यातून इकडेही रूढ झाल्या. कमानीमुळे उंची चाकापासून सुटी झाली. चाक तेच ठेवून फक्त कमानीचा बाक बदलला की गाडी वर किंवा खाली करता येऊ लागली. भट्टी, ऐरण आणि घण एवढ्यावर हे काम होत असल्याने ते लोहाराच्या आवाक्यात राहिले.

महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. जीप चारही चाकांना जोर देणारी होती. पुढच्या आसावरच्या डिफरन्शियलला जागा हवी, म्हणून तिला उंची लागत असे. शहरातल्या मालाला असल्या गाडीची गरज नव्हती. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्याने हॅन्सिएट ही तीनचाकी आणली. तिचे इंजिन पुढच्या एका चाकाला फिरवत असे. हौद्याखालून प्रोपेलर शाफ्ट जात नसल्याने हौदा बुटका ठेवता आला आणि माल चढवणे सोपे झाले. ‘टेम्पो’ हे कंपनीचे नाव पुढे सगळ्याच छोट्या मालगाड्यांना चिकटले.

आजच्या घडणीची पिकअप १९८० च्या दशकात रुळली. पुण्याच्या टेल्कोने १९८६ मध्ये ४०७ हा हलका ट्रक आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप बाजारात आणली. पुढे महिंद्राच्या बोलेरो पिकअपने ग्रामीण बाजारपेठ व्यापली आणि २००५ मध्ये टाटा एसने एक टनाखालच्या चारचाकीचा वर्ग उभा केला. या गाड्यांच्या मांडणीत फरक असला तरी मागे अखंड ॲक्सल आणि त्यावर पाटे हे सूत्र कायम राहिले.

सुरतेत अशा गाड्यांना दोन तऱ्हांचे काम मिळाले. पहिले काम कापडाचे. मागावरचे कोरे कापड प्रोसेसिंग गिरणीत जाते, तिथून रिंग रोडच्या बाजारपेठांत आणि पुढे ट्रान्सपोर्टच्या गोदामात. त्यामुळे एकच ताका शहरात अनेकदा टेम्पोवर चढतो-उतरतो. तापीच्या उत्तरेला, अमरोलीला लागून असलेले कोसाड २००६ च्या हद्दवाढीत महानगरपालिकेत आले आणि तिथे मोठी घरकुल वसाहत उभी राहिली. एकेकाळी मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावरचे गाव असलेल्या या भागातली वाहतूकही मग शहरी झाली: जवळचे पल्ले आणि जड माल. दुसरे काम खानदेशचे. धुळे-नवापूर-सोनगढ या महामार्गाने भाजीपाला आणि केळी सुरतेत येतात. हा पल्ला लांबचा आहे, वाटेत घाट आहे आणि शेताच्या बांधापर्यंत जाणारा कच्चा रस्ताही आहे. कापडाच्या गाडीला ताठ पाटे चालतात. केळीच्या गाडीला मात्र उंची हवी आणि लवचीकपणाही हवा, नाहीतर फळ डागाळते.

उंची बदलण्याच्या जुन्या पद्धती चार. पहिली म्हणजे बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देणे. स्प्रिंगचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजयुक्त असते. ते साधारण ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवावे लागते आणि नंतर कमी उष्णतेवर पुन्हा मुरवावे लागते. नुसते तापवून वाकवलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. दुसरी पद्धत पाटा वाढवण्याची. सारख्या मापाच्या सहा पाट्यांत सातवा घातला तर ताठपणा सुमारे एक षष्ठांशाने वाढतो. पाट्याची जाडी दुप्पट केली तर मात्र तो आठपट होतो. तिसरी पद्धत ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा बसवून लांब यू-बोल्टने आवळण्याची. हिच्यात ताठपणा तोच राहून नुसती उंची वाढते. चौथी पद्धत लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी, लावण्याची. शॅकल ५० मिलिमीटरने लांबवली तर गाडी जवळपास निम्मी, म्हणजे २५ मिलिमीटर उचलली जाते. हेल्पर पाटे या चार पद्धतींहून वेगळे असतात. गाडी रिकामी असताना ते टेकत नाहीत, ओझे वाढले की मुख्य पाट्यांच्या मदतीला येतात. पुढच्या चाकांना टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) असलेल्या गाडीत एक बोल्ट फिरवूनच उंची बदलते.

या बदलांचे परिणाम इतरत्र उमटतात. मागची बाजू उचलली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या क्रॉसची झीज वाढते. दिव्यांचा झोत खाली जातो. पुढची बाजू उचलली तर चाकांची अलाइनमेंट बिघडते आणि टायर एका कडेने झिजतात. सर्वांत गंभीर परिणाम ब्रेकवर होतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेली झडप असते. चेसिस आणि ॲक्सल यांमधल्या अंतरावरून ती ओझे ओळखते आणि मागच्या ब्रेकला त्या प्रमाणात दाब देते. पाटे वाढवले की भरलेली गाडीही तिला हलकी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

अमेरिकेत उंचीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात गाड्या शोभेसाठी रस्त्याला टेकतील इतक्या खाली आणल्या जात. उलट टोयोटाने १९९८ च्या सुमारास प्रीरनर ही पिकअप आणली, तेव्हा जोर दोनच चाकांना ठेवून उंची मात्र चारचाकी जोराच्या गाडीची दिली. सुरत-खानदेश पट्ट्यात पाटे वाढवण्यामागे बहुधा जास्त माल भरण्याचा विचार असे.

म्हणूनच कायद्याची नजर त्यावर गेली. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २००० च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती ठामपणे उचलून धरली. जादा भारासाठी राज्यांनी परवानगीची कार्डे विकण्याची प्रथा याच न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये बंद पाडली होती. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये केला. मालकाने केलेल्या बेकायदा फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड ठरला.

तंत्रही त्याच दिशेने बदलले. मधोमध जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे पॅराबोलिक पाटे आता अनेक मालगाड्यांत येतात. संचात पाटे थोडे आणि त्यांच्यात घर्षण कमी, त्यामुळे वजन घटते आणि हादरेही कमी बसतात. मात्र प्रत्येक पाट्याचा निमुळतेपणा हिशेबाने ठरवलेला असल्याने त्यात एखादा सपाट पाटा घुसवणे जमत नाही. गॅरेजकडे यामुळे तुटलेला पाटा किंवा बुश बदलणे आणि यू-बोल्ट आवळणे एवढी कामे उरतात. जास्त उंची किंवा जास्त वजनक्षमता हवी असेल तर ती गाडी घेतानाच, योग्य मॉडेल पाहून ठरवावी लागते.