घुगरी, ट्रे आणि १८९७ चा फलाट

विमानतळावरच्या चेहरा-ओळख कॅमेऱ्यांवर सध्या बरंच लिहिलं जातंय. एक बाजू म्हणते, सुरक्षेपुढे कसली आलीय प्रायव्हसी. दुसरी म्हणते, हुकूमशाही आली. दोन्हीकडचे लोक भरपूर विमानप्रवास करणारे दिसतात. माझे विमानप्रवास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, पण त्यातला एक डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, बंगळुरूला. याडी आणि बा दोघांचाही पहिला विमानप्रवास. आम्ही पुसद तालुक्यातल्या तांड्यावरचे. फेटिया-कांचळी घालणाऱ्या बायका आता आमच्याकडे मोजक्याच उरल्यात, त्यातली माझी आई एक. आरसे, नाणी, हातात बलिया आणि केसांत दोन्ही बाजूंना चांदीची घुगरी-टोपली. मी आधीच सांगितलं होतं, साडी नेस. ती म्हणाली, "नातवाला पहिल्यांदा पाहाले चालली, अन् साडीत जाऊ?"

तपासणीच्या दारातून गेली आणि यंत्र ओरडलं. परत गेली, परत ओरडलं. पडद्याआड नेलं. तिथली मुलगी तिशीच्या आतली असेल, बोलायला अगदी नीट होती. ती म्हणाली, "आजी, केसातलं काढावं लागेल." याडीने काढलं. घुगरी-टोपली प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, कुणाच्या तरी बेल्ट आणि लॅपटॉपच्या मागे, पट्ट्यावरून सरकत गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात घुगरी हे सवाष्णीचं लेणं आहे. नवरा गेल्यावर ते उतरतं. आणि बा दहा फुटांवर उभा होता, बूट हातात घेऊन.

कुणी वाईट वागलं नाही. शिवी नाही, ढकललं नाही, नियमाबाहेर काही झालं नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध, हेच मला अजून कळलेलं नाही. विमानात याडी खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही झालं."

हे "काही नाही झालं" मला नंतर इतिहास वाचताना भेटलं. मी पेशाने शिक्षक, इतिहासाचाच.

आपल्याकडे प्रवाशांची घाऊक अंगतपासणी विमानामुळे सुरू झाली असं वाटतं. तसं नाही. ती रेल्वेच्या फलाटावर, प्लेगच्या साथीत सुरू झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले आणि साथ आगगाडीने गावोगाव जाईल ही भीती सरकारला लागली. भीती खोटी नव्हती. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला याच साथीत, रुग्णसेवा करता करता गेल्या. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, मास्तरला धोका दिसतच नाही.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. हाच कायदा आपण २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरला. त्याने सरकारला रेल्वेने जाणाऱ्या माणसांची तपासणी करण्याचा अधिकार दिला. मग ठरलेल्या स्टेशनांवर गाडी थांबवायची, उतारू खाली घ्यायचे, रांग लावायची. ताप बघायचा आणि गाठ आहे का ते चाचपायचं. प्लेगची गाठ येते काखेत आणि जांघेत. म्हणजे हात कुठे लावायचा हे रोगानेच ठरवलेलं, आणि ते बायकांनाही लागू. भर फलाटावर, परक्या पुरुष डॉक्टरने. फार ओरड झाल्यावर बायकांसाठी बाई डॉक्टर आणि आडोसा यांची सोय हळूहळू होऊ लागली. आज बाईची तपासणी बाईनेच, पडद्याआड करायची ही जी पद्धत आपल्याला साधी वाटते, तिच्यामागे त्या फलाटांवरची ओरड आहे. फुकट मिळालेली नाही.

आणखी एक गोष्ट. सगळा जाच तिसऱ्या वर्गाला होता. वरच्या वर्गातले साहेब आणि बडे लोक बहुतेक वेळा नुसत्या नजरेवर सुटत. आज हसू नका. विमानतळावर तपासणीतून सूट असलेल्यांची यादी पाटीवर लावलेली असते. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश आणि पदावरचे मुख्यमंत्रीसुद्धा त्यात असतात. आमच्या पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक, दोघेही गहुलीचे, दोघेही बंजारा. आजच्या यादीने त्यांना सूट दिली असती. त्यांच्याच तांड्यातल्या बाईला नाही. असो.

पुण्यात काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. रँड, गोरे शिपाई, घराघरात घुसून झडत्या, आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या. शाळेत आपण तेवढंच शिकवतो, कारण गोळी परीक्षेत विचारता येते. मला त्याच उन्हाळ्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती कुणी विचारत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की शिपायांनी बायकांवर अत्याचार केले. इकडे सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, पत्रं लिहिणाऱ्यांना भेटले. पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार होईना. कोण होणार? कुठल्या घरची बाई उभी राहून सांगणार की माझ्या अंगाला कुठे हात लागला? गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. ती माफी त्यांना पुढे कित्येक वर्षं चिकटून राहिली. स्वकीयांनी भित्रा म्हटलं, सरकारला आयतं हत्यार मिळालं. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळात मुलींना कसं वागवलं जातं याबद्दल मुंबईच्या एका पत्रात जाहीरपणे लिहिलं होतं.

गोखल्यांचं सगळंच खरं होतं असं माझं म्हणणं नाही. साक्षीदार नसताना ते कुणालाच ठामपणे म्हणता येणार नाही. मुद्दा असा की अब्रूची हानी ही अशी चीज आहे, जिचा पुरावा द्यायचा तर ती हानी पुन्हा एकदा चारचौघांत सोसावी लागते. म्हणून कागदावर ती कायम शून्य दिसते. विमानतळावर "तक्रारी फारशा नाहीत" असं कुणी सांगितलं की मला याडी आठवते. तिची तक्रारही शून्यातच मोजली गेली.

आता दुसरा धागा, आणि हा आमच्या घरातला आहे. त्याच १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांची वर्गवारी बसवण्याचं खरं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी माणसांनी केलं, नाव झालं साहेबाचं. ते ठसे घ्यायचे कुणाचे? त्याआधी १८७१ मध्येच गुन्हेगार जमाती कायदा आला होता. त्यात गुन्हा करायची गरज नव्हती, जन्म घेतला की पुरे. नाव नोंदवा, हजेरी द्या, गावाबाहेर जायचं तर पास घ्या. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही आणले. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिच्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांत फिरणं हा ज्यांचा धंदा, त्यांचं फिरणं हाच संशय झाला.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. महाराष्ट्राच्या यादीत आम्ही आजही 'विमुक्त जाती' आहोत. सुटलेले, असा त्याचा अर्थ. आमच्या तांड्यात तो दिवस मोजणारे लोक आहेत. त्यामुळे कुणी मला सांगतं की "चेहरा नोंदवला तर काय झालं, लपवायचंय काय?", तेव्हा मला राग येत नाही, फक्त कळतं की याच्या आज्याने कधी पास काढलेला नाही.

विमानाचा इतिहास थोडक्यात. सुरुवातीला आपल्याकडे विमानात चढणं एसटीत चढण्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. ३० जानेवारी १९७१ ला 'गंगा' नावाचं फॉकर दोन पोरांनी लाहोरला पळवलं. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा एक विमान लाहोरला गेलं. मग १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. २३ जून १९८५ ला 'कनिष्क' फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब अशा बॅगेत होता जिचा मालक विमानात चढलाच नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहार. २००० पासून विमानतळं एकेक करून सीआयएसएफकडे गेली. प्रत्येक नियमाखाली अशी माणसं पुरलेली आहेत, हे विसरून प्रायव्हसीवर बोलणं मला बेजबाबदार वाटतं. कनिष्कमध्ये शेकडो घरं एका दिवसात संपली.

पण नियम कडक असला की तो आंधळाच असावा लागतो, हेही खरं नाही. आमच्यापासून जवळचं मोठं विमानतळ नांदेडचं, हुजूर साहिबचं गाव. शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण नेता येतं, पातं ६ इंचांपर्यंत, एकूण लांबी ९ इंचांपर्यंत. २०२२ मध्ये सरकारने हे पुन्हा स्पष्ट केलं. मला ते योग्यच वाटतं. म्हणजे श्रद्धा आणि सुरक्षा यांची सांगड इंच मोजून घालता येते, समाज संघटित असला आणि कुणी मागणी लावून धरली तर. पातं चालतं, मग घुगरीसाठी पडद्याआड हातातल्या यंत्राने तपासण्याची सोय का नसावी? कुणी मागितलीच नाही, म्हणून. २०२१ मध्ये सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय प्रत्येक वेळी काढायला लावतात असा व्हिडिओ टाकला, तेव्हा सीआयएसएफने दिलगिरी व्यक्त केली. त्यांच्याकडे नाव होतं.

आणि आता डिजियात्रा. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, वाराणसीला सुरू झाली. २०२३ मध्ये पुणे आणि मुंबईला आली. चेहरा दाखवा, दार उघडेल. ऐच्छिक आहे आणि विमानतळाच्या यंत्रणेतून माहिती २४ तासांत पुसली जाते, असं सांगितलं जातं. तरी २०२४ च्या सुरुवातीला, न विचारता दारातच नोंदणी केल्याच्या तक्रारी छापून आल्याच. चालवते कोण, तर २०१९ मध्ये स्थापन झालेली एक कंपनी, जिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आणि उरलेला पाच विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. निकालाचा गाभा साधा आहे: सरकारला हात घालायचा तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि हेतूला लागेल तेवढाच हात घालावा. शरीर चाचपण्याला मी या मोजमापात बसवू शकतो. धातू शोधायचा आहे, शोधला, संपलं. मी पुढे गेलो की त्या मुलीला माझा चेहराही आठवत नाही. चेहऱ्याची नोंद वेगळी, ती मी गेल्यावरही मागे राहू शकते. ट्रेमधली घुगरी याडीला परत मिळाली. हजेरीच्या वहीतलं नाव काढायला मात्र १९५२ उजाडावं लागलं. म्हणून रांगेतल्या झडतीपेक्षा मला वहीची भीती जास्त वाटते, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते हे वाचल्यावर ती कमी झाली नाही.

पुसदला सध्या रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे, याडी दर महिन्याला विचारते कुठवर आलं. मागच्या दिवाळीत भाऊ म्हणाला, तिकिटं काढतो, या सगळे विमानाने. ती म्हणाली, "तुमी जा. मी रूळ आल्यावर येईन." बा म्हणाला, मग मीही थांबतो.