रणगाड्यातला व्हॉल्व्ह गिटारच्या साथीला

दुसऱ्या महायुद्धाच्या सामानातून संगीताच्या वाट्याला काय आले, असे कुणी विचारले तर मी ८०७ या काचेच्या व्हॉल्व्हचे नाव घेईन.

१९३६ साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीने ६एल६ हा पॉवर व्हॉल्व्ह आणला. पुढे फेंडरच्या मोठ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज याच घराण्याने घडवला. ८०७ हा त्याचा ट्रान्समीटरसाठी तयार केलेला भाऊ. उच्च दाबाची जोडणी खालच्या पिनांपासून दूर राहावी म्हणून त्याची प्लेट डोक्यावरच्या धातूच्या टोपीला जोडलेली असते. रणगाड्यांतल्या 'वायरलेस सेट नंबर १९' मध्ये प्रक्षेपणाचा भार हाच वाही. इंग्रजी आणि रशियन अक्षरांची दर्शनी पट्टी असलेला हा सेट ज्येष्ठ सिग्नलर मंडळी ओळखतील.

१९४५ नंतर हे व्हॉल्व्ह ढिगांनी सरप्लसमध्ये निघाले. लंडनच्या लाइल स्ट्रीटवर असले लष्करी सामान स्वस्तात मिळे. हौशी मंडळींनी त्यांतून रेडिओ बांधले, तसेच अ‍ॅम्प्लिफायरही.

व्हॉल्व्ह बदलला की आवाज बदलतो. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडर बासमनच्या नकाशावरून आपला अ‍ॅम्प्लिफायर बेतला. पहिल्या टप्प्यात १२एवाय७ ऐवजी जास्त वर्धन करणारा ईसीसी८३ बसवला. पुढे पॉवरसाठी ब्रिटिश केटी६६ आले. नकाशा जवळपास तोच, आवाज मात्र वेगळा.

पण भाऊ म्हणजे तोच माणूस नव्हे. ८०७ ची प्लेट ६०० व्होल्ट सोसते, स्क्रीन ग्रिडची मर्यादा मात्र ३०० व्होल्ट. बऱ्याच गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्क्रीनला ४०० च्या आसपास व्होल्ट मिळतात. नुसता सॉकेट बदलून ८०७ बसवला तर तो वाजेल, पण मर्यादेबाहेर राबेल. त्याच्या स्क्रीनला कमी दाबाचा वेगळा, स्थिर पुरवठा द्यायला हवा. टोपीवर इन्सुलेशनचे झाकणही हवे: तिथला दाब जीवघेणा असतो आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतो.

फौजेत आपण हाताशी असेल त्यावर काम भागवायला शिकतो. मात्र साधनाची मर्यादा ठाऊक असेल तरच ती युक्ती. नाहीतर तो नुसता धोका. तेव्हा मंडळी, जुन्या ट्रंकेत ८०७ सापडला तर भंगारात देऊ नका. त्याची अजून एक पोस्टिंग शिल्लक असेल.