शाळेचा कर शून्य

घरपट्टी म्हणजे नुसती पावती, असं कुणी म्हणालं तर त्याला प्रिन्स एडवर्डची हकीकत सांगा.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली ही काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. सगळी खेडी, शेती तंबाखूची. तिथं घराजमिनीची किंमत ठरते, काउंटीचं मंडळ कराचा दर ठरवतं, त्या पैशावर शाळा चालतात. कर काळेही भरत. दर ठरवणारे मात्र गोरे.

काळ्यांच्या शाळेत जागा पुरेना म्हणून डांबरी कागदाची खोपटी उभारली होती. १९५१ साली सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सनं शाळेचा संप पुकारला. खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९५४ ला निकाल लागला : रंगावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य.

मग गोऱ्यांनी काय केलं? १९५९ साली मंडळानं शाळेसाठी कर बसवलाच नाही. सरकारी शाळांना कुलपं. गोऱ्यांच्या पोरांना खाजगी शाळा निघाली. १९६० साली ठराव झाला : अशा शाळेला देणगी द्या, मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट घ्या. काळ्यांची कित्येक पोरं वर्षानुवर्षं शाळेविना राहिली.

१९६४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, शाळा चालवण्यासाठी कर बसवा, असा हुकूम मंडळाला देता येतो. त्याच साली शाळा उघडल्या.

दोस्तांनो, कर न बसवणं हेही हत्यार असतं. आपल्या ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचे असतात. ग्रामसभेत उभं राहा, हिशेबाची वही मागा. पट्टी आपणही भरतो.