द्राक्षांच्या उतारावर सफरचंद

माइन नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले फ्रँकफर्ट हे नगर व्यापारी पेठ म्हणून आणि सम्राटांच्या राज्याभिषेकाचे स्थान म्हणून इतिहासात गाजले. परंतु तेथील लोकांच्या खाण्यापिण्याला आणि सणावारांना जे वळण लागले, ते सम्राटांपेक्षा हवामानाने अधिक लावले, असे माझे मत आहे. पन्नासाव्या अक्षांशावर असूनही हा प्रदेश जर्मनीतील उबदार प्रदेशांत मोडतो. कारण वायव्येस उभी असलेली टाउनुसची डोंगररांग पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांतील ओल आपल्याच माथ्यावर उतरवून घेते आणि पायथ्याच्या खोऱ्यात वर्षाकाठी सहाशे-साडेसहाशे मिलिमीटरच पाऊस, तोही बारा महिन्यांत विभागून, पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेस राहणाऱ्याला पर्जन्यछायेचा हा न्याय नव्याने समजावून सांगायला नको.

या उबेच्या भरवशावर मध्ययुगात नगराभोवतीच्या टेकड्यांवर आणि दक्षिण तीरावरील झाक्सेनहाउझेनमध्ये द्राक्षमळे पसरले होते. द्राक्षमद्य हे तेव्हाचे नित्याचे पेय होते, नगराला जकातीचे उत्पन्न देणारा माल होता आणि वैभवाचे चिन्हही होते. 1612 साली सम्राट माथियासचा राज्याभिषेक झाला, तेव्हा रोमरबेर्ग चौकातील न्यायदेवतेच्या कारंज्यातून पाण्याऐवजी मद्य वाहिले. परंतु त्यापूर्वीच, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, ज्याला अभ्यासक लघु हिमयुग म्हणतात त्या दीर्घ थंडीने युरोपचे ऋतू बिघडवायला आरंभ केला होता.

द्राक्षवेलीचे दुखणे येथे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या नाशिककडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून बागाईतदाराला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते. माइनच्या काठी थंडीच वेलीला झोपवते, आणि खरा धोका तिच्या जागे होण्याच्या वेळी असतो. एप्रिलअखेर फुटलेला कोवळा कोंब मे महिन्यातील एका रात्रीच्या हिमाने काळा पडतो. आपला शेतकरी जसा रोहिणी आणि मृग मोजतो, तसा तिकडचा माळी 11 ते 15 मे हे ‘हिमसंतां’चे दिवस मोजतो आणि संत सोफीचा दिवस उलटल्यावाचून नाजूक रोपे उघड्यावर लावीत नाही. त्यातून वाचलेल्या घडांत साखर भरायला लांब, ऊबदार शरद ऋतू लागतो, आणि नेमका तोच त्या काळात दुर्मिळ झाला. सफरचंदाचे झाड हिवाळ्याच्या कडाक्याला अधिक सोशिक. त्याचे फळ मंद उन्हातही पिकते. पुढे तीस वर्षांच्या युद्धाने (1618 ते 1648) उरलेसुरले मळे तुडवले, आणि ओस पडत चाललेल्या उतारांवर सफरचंद चढले. चरक, पिंपे आणि तळघरे द्राक्षांचीच होती, ती या नव्या फळाच्या कामी आली.

या स्थित्यंतराची साक्ष नगराच्या दप्तरात मिळते. 1638 साली नगरसभेने सफरचंदाच्या मद्याच्या शुद्धतेविषयी नियम घातले, आणि 1754 साली ते विकण्यास परवाना व त्यावर कर लागू झाला. ज्या पेयावर सरकार महसूल बसवते, ते गरिबाघरचा नाइलाज राहिलेले नसते, हे उघड आहे. द्राक्षांचा मान मात्र एकदम गेला नाही. महाकवी गटे याचे आजोबा मद्याच्या व्यापारावर धनाढ्य झाले होते, आणि वडिलांचा फ्रीडबेर्ग वेशीबाहेर द्राक्षमळा होता.

सफरचंदाच्या या मद्याची कृती मला विशेष लोभस वाटते. गवताळ कुरणांत विरळ लावलेल्या उंच झाडांची आंबट-तुरट फळे शरदात गोळा करून चिरडतात, पिळतात. ताजा गोड रस काही जण तसाच पितात, अर्धवट आंबलेला काही दिवसांपुरताच मिळतो, आणि उरलेला पिंपात मुरत राहतो. त्यात श्पायरलिंग नावाच्या झाडाच्या कच्च्या फळांचा रस थोडा घातला, की त्यातील तुरटपणाने पेय निवळते आणि टिकते. करड्या, निळ्या नक्षीच्या, मिठाची झिलई दिलेल्या बेम्बेल नावाच्या जड सुरईत ते गार राहते, आणि खाचा पाडलेल्या पेल्यातून प्यायले जाते; जेवणाने तेलकट झालेल्या बोटांतून तो निसटत नाही. शेजारच्या ओबरराडच्या मळ्यांतील सात हिरव्या पाल्यांची थंड चटणी हा याच मातीचा वसंतातला उपहार.

आता ऋतुचक्र उलट फिरू लागले आहे. नगराच्या हद्दीत द्राक्षांचा लोरबेर्ग टेकडीवरचा सुमारे सव्वा हेक्टरांचा मळा तेवढा उरला आहे, आणि त्यावरील रिस्लिंगला वाढती ऊब मानवते. पण 2018 पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी वृद्ध सफरचंदांना ग्रासले, आणि दुबळ्या फांद्यांवर बांडगुळे माजली. त्याच टेकडीवर माइनएपलहाउस या संस्थेत नागरिकांना झाडांची छाटणी आणि निगा शिकवतात. हे काम मला फार मोलाचे वाटते. उंच खोडाचे झाड भरघोस फळावर यायला दहाएक वर्षे लागतात, आणि येणाऱ्या उन्हाळ्यांत कोणती जात तगेल याचा निर्णय त्यांना आजच घ्यावा लागतो आहे.