विधानसभेच्या रिंगणातला तिसरा उमेदवार : कायदा, गणित आणि आपले मत

निवडणूक आली की वस्तीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आपल्या पक्षाला मत दिलं तर ते वाया जाणार नाही ना?" दोन मोठ्या आघाड्यांच्या बाहेरचा उमेदवार उभा राहिला की त्याच्यावर मतविभाजनाचा शिक्काही लगेच बसतो. भावना बाजूला ठेवून नियम काय सांगतात ते पाहू.

१९३७ चा धडा

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले. त्यांतील बहुसंख्य निवडून आले. स्वतः बाबासाहेबांनी मुंबई शहरातील भायखळा-परळ भागातून काँग्रेसचे उमेदवार, प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांचा १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभव केला. त्या वेळी बहुसदस्य मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मतदाराकडे असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देता येत. संघटित अल्पसंख्य समाजाला या पद्धतीचा मोठा आधार होता. निवडून आल्यावर त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक सभागृहात मांडले.

आज एका मतदारसंघात एकच जागा आणि मतदाराला एकच मत. सर्वाधिक मते घेणारा जिंकतो, मग त्याला निम्मी मते मिळालेली नसली तरी.

विखुरलेली मते, एकवटलेली मते

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने दोनशेहून अधिक जागा लढवल्या आणि राज्यात सुमारे ४.६ टक्के मते मिळवली. जागा शून्य. एमआयएमने ४४ जागा लढवून सुमारे १.३ टक्के मतांवर मालेगाव मध्य आणि धुळे शहर या दोन जागा जिंकल्या. एकाची मते राज्यभर पसरली होती, दुसऱ्याची काही शहरांत एकवटली होती. पण वंचितचे बळ सगळीकडे सारखे नव्हते. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात त्यांचा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होता आणि पराभव दोन हजारांहून कमी मतांचा होता. २०२४ मध्ये मालेगाव मध्यची जागा एमआयएमने केवळ १६२ मतांनी राखली. एखाद्या वस्तीचे मतदान कमी-जास्त झाले तरी असा निकाल फिरतो.

उमेदवाराने जाणून घ्यायचे नियम

वय किमान २५ वर्षे आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. इतरांना त्याच मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून लागतात.

अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,००० रुपये. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. या हिशेबात 'नोटा'ची मते धरत नाहीत.

महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. योग्य कारण नसताना तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेल्या उमेदवारालाही हा नियम लागू आहे.

चिन्ह आणि मान्यता

मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षाला कायमचे राखीव चिन्ह नसते. किमान पाच टक्के जागा लढवणार असल्यास त्याला सर्व उमेदवारांसाठी एक समान चिन्ह मागता येते. विधानसभेच्या निकालावर राज्य पक्षाची मान्यता मिळण्याचे मुख्य मार्ग तीन : सहा टक्के मते आणि दोन आमदार, किंवा तीन टक्के जागा अथवा तीन जागा, यांपैकी जी संख्या जास्त असेल ती, किंवा एकही आमदार नसला तरी आठ टक्के मते. महाराष्ट्रात २८८ जागा असल्याने दुसऱ्या मार्गाने जायचे तर नऊ आमदार लागतात.

मग मत वाया जाते का?

हरलेल्या उमेदवाराला दिलेले मतही अनामत वाचवायला आणि पक्षाच्या मान्यतेला मोजले जाते. पण तेवढ्याने आमदार होत नाही. त्यासाठी जिथे आपले बळ आहे आणि इतर समाजघटक सोबत येऊ शकतात, अशा मोजक्या मतदारसंघांत पाच वर्षे काम करावे लागते. निकालानंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे नमुना २०, प्रसिद्ध होतो. कोणत्या केंद्रावर किती मते मिळाली हे त्यात स्पष्ट दिसते. पुढच्या निवडणुकीची तयारी हा तक्ता हातात घेऊन सुरू व्हायला हवी. उमेदवार अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात ठरला, तर उशीर झालेला असतो.

म्हणून मत मागायला येणाऱ्याला एवढे जरूर विचारा : "मागच्या वेळी आपल्या केंद्रावर किती मते पडली, आणि त्यानंतर तुम्ही इथे किती वेळा आलात?"