भिजलेले क्षेत्र आणि वाहिलेले पाणी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवत मागे पडले की भांडगाव लागते. ते ज्या तालुक्यात मोडते त्यास आज दौंड म्हणत असले, तरी जुन्या सरकारी दप्तरांत त्याचे नाव भीमथडी असे आहे. नावात भीमा असूनही या टापूचे पर्जन्यमान तुटपुंजेच. म्हणून फाइफ नामक लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार खडकवासल्यास मुठा अडवून जेव्हा तिचा उजवा कालवा पाटसच्या दिशेने आणला गेला, आणि 1876-77 च्या दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून माटोबा तलाव बांधावयास घेतला गेला, तेव्हा येथे पाणी ही सरकारी हिशेबाची बाब झाली.

मात्र तो हिशेब पाण्याचा नव्हता. 1879 चा मुंबई पाटबंधारे कायदा आल्यावर कास्तकाराने पाणीअर्ज द्यावा, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे चारीचे दार उघडावे आणि कोणत्या पिकाखाली किती एकर भिजले हे पाहून पाणीपट्टी आकारावी, असा शिरस्ता रूढ झाला. नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडून पाणी देण्याची ब्लॉक पद्धत घातली खरी, तथापि तिचाही पाया क्षेत्र हाच होता. उसाची पट्टी एकदा भरली की पाणी चार बोटे अधिक घेतले काय आणि कमी घेतले काय, आकार तोच. या नासाडीचा बोल लोक पाटकऱ्यास लावीत आले, मला तो आकारणीचा दोष वाटतो. पाणी मोजण्याची विद्या तेव्हा अज्ञात होती असेही नाही, कारण 1850 नंतरच्या दशकात विल्यम सीमेन्सची चक्राची मीटरे इंग्लंडात चालू झाली होती. शेतीस पाणी घनमापनाने देण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला तो 2005 साली.

घरगुती नळाची कथा याहून निराळी नाही. ग्रामपंचायतीने वर्षाकाठी ठरावीक पाणीपट्टी घ्यावी, मग त्या नळावर दोन माणसे असोत की गोठ्यासह सारे खटले, हीच वहिवाट. म्हणूनच कराडजवळच्या मलकापुराने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, याचे एवढे अप्रूप झाले.

मीटर वाचणे अवघड नाही. तबकडीवरील काळे आकडे घनमीटर, म्हणजे हजार लिटरांचे माप, दाखवितात. तांबडे आकडे वा काटे त्याखालील लिटर. जलजीवन योजनेचे माणशी दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या घरी तीस दिवसांत काळा आकडा आठ-सव्वाआठने पुढे सरकावा. घरातील सर्व तोट्या बंद करूनही तबकडीवरची इवलीशी चांदणी फिरत राहिली, तर मीटरापुढे कोठेतरी गळती आहे असे निश्चित समजावे. मीटरच्या अंगावरील बाण प्रवाहाच्या दिशेस असावा आणि आतल्या मुखाशी असलेली जाळी अधूनमधून साफ करवून घ्यावी, कारण गाळाने ती तुंबली की धार मंदावते, आणि रेती चक्रात शिरली तर ते अडते. पाणी ठरावीक वेळीच सुटते तेथे आरंभी नळातून सुसाटणारी हवाही चक्र फिरविते व ग्राहकाच्या माथी न मिळालेले पाणी लिहिले जाते. ही तक्रार खोटी नव्हे. मीटर अगदीच बंद पडले, तर पुष्कळ ठिकाणी मागील सरासरीवरून आकारणी करतात, सबब दर महिन्याचा आकडा तारखेसह घरच्या वहीत टिपलेला असावा. तंटा उभा राहिला तर दाखविण्यास तोच दाखला.